भोवऱ्याची टोपी

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ताई आधी त्याचं डोकं बघायची, चेहरा नंतर. जवळजवळ तीस वर्षं टोप्या शिवून नजरच तशी झाली होती. कुणाचं डोकं लांबट, कुणाचं मागून चपटं, कुणाची टोपी कानांवर अडणार आणि कुणाची भुवयांवर घसरणार, हे तिला दारातच कळायचं. चेहरे ती विसरायची, डोकी नाही. त्या दुपारी गळ्यात मोजपट्टी माळेसारखी घातलेली एक पोरगी आत आली, तेव्हा ताईच्या मनात आलं ते एवढंच, की बावीस इंच, छान गोल, सोपं डोकं.

पोरगीने कापायच्या टेबलावर एक फोटो ठेवला.

"ही टोपी कुणी शिवली, काही सांगता येईल का तुम्हाला? चार दुकानं फिरून आले."

ताईने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. काळा-पांढरा फोटो. फ्रिजचं खोकं उलगडून रस्त्यावर पसरलेलं, त्यावर एक मुलगा डोकं खाली, पाय वर. पाय म्हणजे नुसता धूर. हातही धूर. सगळ्या फोटोत स्पष्ट एकच गोष्ट आली होती, जमिनीला टेकलेली लोकरी टोपी.

"टोपी मी शिवली," ताई म्हणाली. "आतलं डोकं माझ्या भावाचं आहे."

पोरगी स्टुलावर बसली ती धपकन. मग एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. ती एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीत डिझायनर होती. हा फोटो तिला एका प्रदर्शनात दिसला होता, काचेमागे, वर दिवा सोडलेला. कंपनीला आता रस्त्यावरचे कपडे काढायचे होते.

"रस्त्यावरचे म्हणजे?"

"म्हणजे हिप हॉपचे. ढगळ पँट्स, जाकिटं, टोप्या. आता सगळ्यांनाच हवेत, आजोबांनासुद्धा."

ताईला गंमत वाटली. टूथपेस्टच्या जाहिरातीत हल्ली यमकं जुळवत धडाधड बोलणारी पोरं असतात, बँकेच्या जाहिरातीतही असतात, भाचीच्या कॉलेजात तर याचा चक्क तास असतो, हे तिला ठाऊक होतं. पण सत्तावीस वर्षांपूर्वी याच पोरांच्या मागे पहारेकरी शिट्टी फुंकत धावायचे. मधे नेमकं काय झालं? कुणी, कुठल्या दिवशी ठरवलं, की आता यांना हाकलायचं नाही, बोलवायचं? तिने हे डिझायनर पोरीला विचारलंही. पोरीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मी तेव्हा जन्मले नव्हते हो."

"बरं, मग हे सांग. टोपीच कशाला हवी तुला? फोटोत एवढा मुलगा आहे."

"मुलगा हललाय ना. टोपी तेवढी थांबली आहे."

हे उत्तर ताईला आवडलं. तिने पोरीला पाणी दिलं आणि भावाला फोन लावला.

भावाचं पाळण्यातलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाकी सगळ्यांचा तो भोवरा. सतरा वर्षांचा असताना तो डाकघरामागच्या छप्पर असलेल्या बोळात डोक्यावर फिरायला शिकला. कुणी शिकवलं नाही. कुठूनतरी एक झिजलेली व्हिडिओ कॅसेट आली होती, ती चौघांनी मिळून आणखी झिजवली. सहा महिन्यांत त्याच्या टाळूवर रुपयाएवढा चांद पडला. आई म्हणाली, "लोकांचे पाय झिजतात, आमच्या दिवट्याचं डोकं झिजतंय." ताई तेव्हा नुकती टोप्यांच्या कारखान्यात लागली होती. तिने मोडक्या छत्रीचं काळं कापड कापलं, त्याची चकती केली, चकतीखाली नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तीन थर घातले आणि ती भावाच्या टोपीच्या माथ्यावर बारीक टाक्यांनी बसवली. छत्रीचं कापड निसरडं. पावसाला धरत नाही, जमिनीला कशाला धरेल, एवढाच तिचा हिशोब. भोवरा त्या टोपीवर पहिल्यांदा फिरला तेव्हा थांबायचं कसं हेच त्याला कळेना. पोरं टाळ्यांवर ताल धरून ओरडत राहिली:

पाय आभाळाला, डोकं धरणीला,
फिर रे भोवऱ्या, दोरी नाही तुला!

त्या आठवड्यात बोळातली सगळी पोरं आपापल्या टोप्या घेऊन ताईच्या दारात. घरात एक छत्री धड राहिली नाही.

भोवरा आता चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि लिफ्ट दुरुस्त करायचा. "अर्धं आयुष्य गोल फिरलो," तो सांगायचा, "आता वर-खाली करतो." टाळूवरचा चांद पसरत पसरत कानांपर्यंत आला होता. डोक्यावर शेवटचा फिरला त्याला बारा वर्षं झाली होती.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. ताईने नमुन्याची टोपी शिवायची. तिचं नाव 'भोवरा' ठेवायचं. आणि ती बाजारात येईल त्या दिवशी, मॉलच्या मधल्या चौकात, खऱ्या भोवऱ्याने ती घालून सगळ्यांसमोर फिरायचं.

"मान मोडेल तुझी," ताई म्हणाली. "डोकं फिरलंय का तुझं?"

"अजून नाही. महिनाभर सराव केला की फिरेल."

"चेष्टा पुरे."

तेव्हा तो खाली बघून हळूच म्हणाला, "ताई, माझ्या नावाची टोपी निघतेय. हजारो लोक घालणार. उद्या कुणी विचारलं, हा भोवरा खरंच फिरायचा का, तर काय फोटो दाखवू? त्यात मी दिसतच नाही."

तिने नमदा काढायला घेतला.

नमुना शिवायला दोन दिवस लागले. डिझायनर पोरगी दोन्ही दिवस स्टुलावर बसून होती. तिला प्रत्येक टाक्याची चौकशी. चकती माथ्यावरच का? कारण फिरणारा त्याच्यावरच फिरतो. खाली नमदा का? टाळूचं हाड वाचावं म्हणून. नमदा तीनच थर का? चार केले तर डोकं डुगडुगतं. पोरगी वहीत सगळं उतरवत होती. आतून अस्तर लावताना मात्र तिने काही विचारलं नाही, कारण तेव्हा ती चहा आणायला गेली होती. ताईही बोलली नाही. ती प्रत्येक टोपीला आतून निसरडं अस्तर लावायची, लोकरीने केस ओढले जाऊ नयेत म्हणून. ही तिची हातसवय होती, सांगण्यासारखं त्यात काय? छत्रीचं कापड उरलं होतं, तेच तिने आतून लावलं.

सराव सकाळी व्हायचा, दुकान उघडण्याआधी. टेबल भिंतीला सरकवायचं, खोकं पसरायचं. भोवरा जुनी टोपी घालायचा. भाची, म्हणजे त्याची मुलगी, खिडकीत बसून मोबाइलवर बीट लावायची आणि फेऱ्या मोजायची. पहिल्या दिवशी ती "अर्धी" म्हणाली आणि बाप बाजूच्या कापडाच्या ताग्यांवर कोसळला.

"बाबा, ही फेरी धरायची की पडणं?"

"तू बीट लाव, हिशोब राहू दे."

दुसऱ्या आठवड्यात दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्यात चार. मान रात्रंदिवस दुखायची; लिफ्टमधे तो वळून बघायचा नाही, सगळाच्या सगळा वळायचा, कपाटासारखा. पण ताईच्या लक्षात वेगळंच काही येत होतं. तो रोज फिरण्याआधी तिला जागा दाखवायचा. "तू तिथे उभी राहा. टेबलाच्या कोपऱ्यापाशी. हां, तिथेच."

"इथेच का?"

"राहा म्हटलं ना."

आणि तिला लहानपणापासून एक विचारायचं होतं, ते तिने त्या महिन्यात तीनदा विचारलं. "फिरताना तुला दिसतं तरी काय रे?"

"सांगता येत नाही. तू शिवत राहा."

चौथ्या आठवड्यात सात फेऱ्या झाल्या. भाची खिडकीतून खाली उडी मारून बापाच्या गळ्यात पडली आणि मग मान आठवून घाईघाईने बाजूला झाली.

मॉलचा दिवस उजाडला. हा मॉल डाकघर पाडून बांधलेला होता, आणि मधला चौक, भोवऱ्याने पावलं मोजून सांगितलं, अंदाजाने त्याच बोळाच्या जागी येत होता. आता तिथे आरशासारखी फरशी, वर फुगे, चारी बाजूंना कॅमेरे. भिंतीवर तो धुरातला फोटो तीन मजले उंच लावलेला. कंपनीची सगळी पोरं एकसारख्या पांढऱ्या बुटांत इकडून तिकडे पळत होती. गाण्यात मधेच शिट्टी वाजली तसा भोवरा दचकला.

"पहारेकरी नाही रे," ताई म्हणाली. "गाण्यातच आहे."

"हे शिट्टीसुद्धा घेऊन गेले की."

डिझायनर पोरगी टोप्यांचं खोकं घेऊन आली. चेहरा आनंदाने फुललेला. कारखान्यातून पहिला माल थेट इथेच आला होता, तिनेही अजून पाहिला नव्हता. वरचा कागद काढला आणि ताईने नेहमीच्या सवयीने टोपी हातात घेऊन माथ्यावरून अंगठा फिरवला. अंगठा अडला.

चकती होती. बरोबर तिच्या मापाची, तिच्या जागी. पण त्या चकतीवर कंपनीची खूण भरली होती, एकमेकांचा पाठलाग करणारे दोन वाकडे बाण, जाड दोऱ्याचे, खाली फुगवटी देऊन उंच उठवलेले. बोटाच्या नखाएवढे उंच.

"हे काय?"

पोरीचा आनंद जागच्या जागी विझला. "मी... मी लिहून दिलं होतं सगळं. चकती कशासाठी ते. वहीत आहे माझ्या."

कंपनीचे साहेब तिथेच होते. माणूस हसरा होता, वाईट नव्हता. ते म्हणाले, "अहो, इतकी छान गोल मोकळी जागा! टोप्या मांडतात तेव्हा वरून तेवढीच दिसते. खूण तिथेच हवी ना."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. साडेतेवीस इंच. यांनी टोपी टेबलावरच पाहिली आहे, तिच्या मनात आलं. एवढा महिनाभर खोलीत बसून दहा जणांनी ती पाहिली असेल, आणि एकाच्याही मनात ती कुणाच्या डोक्यावर गेली नसेल. उलटी होणं तर लांबच.

भोवऱ्याने टोपी घातली, खाली वाकला, माथा फरशीला लावून थोडा भार दिला आणि लगेच वर आला. चेहरा पांढरा पडला होता.

"धरते," तो म्हणाला, इतक्या हळू आवाजात की फक्त ताईला ऐकू जावं. "दोरा फरशीला धरतोय. मी फिरेन आणि डोकं तिथेच राहील."

"मग फिरू नकोस."

"जुनी घालू का?"

"करारात नवी आहे हो," साहेब म्हणाले, जरा ओशाळून. "तुम्ही असं करा, नुसते उलटे उभे राहा. बाकीच्या फेऱ्या आम्ही व्हिडिओत घालू. हल्ली कळतही नाही."

भोवरा वर तीन मजली फोटोकडे बघत राहिला, जिथे सगळं हललेलं होतं आणि तो नव्हता. मग त्याने टोपी कानांवर ओढली. "फिरतो याच्यावरच. जे व्हायचं ते होऊ दे."

भाची रडकुंडीला आली. "आत्या, सांग ना त्यांना!"

सांगून तो ऐकणाऱ्यातला नव्हता. ताईने त्याच्या डोक्यावरची टोपी लहान मुलाची काढावी तशी काढून घेतली. तिला दोरे कापावेसे वाटले, पण ते चकतीतून थेट लोकरीत शिवलेले होते, कात्री लावली तर लोकरच उसवत जाईल, हे तिला दिसत होतं. कारखान्याने काम पक्कं केलं होतं. कारखाना काम पक्कंच करतो, समोर जे ठेवाल ते जसंच्या तसं. जसंच्या तसं! तिने टोपी एका झटक्यात आतून बाहेर केली.

आत काळं, निसरडं, छत्रीचं कापड होतं. तिच्या नमुन्यात होतं म्हणून कारखान्याने लावलं होतं, कुणीच काही न विचारता, खोक्यातल्या प्रत्येक टोपीला.

ती अंगठा फिरवत राहिली. गुळगुळीत. पण आता ते बाण आत गेले होते, भावाच्या टाळूवर टोचायला. मधे काहीतरी हवं. तिने पिशवीतून जुनी टोपी काढली, सत्तावीस वर्षांची, आणि छोटी कात्री.

"ताई, ती नको," भोवरा म्हणाला.

"गप्प बस. टोपी धर तिकडून."

तिने स्वतःचे टाके उसवले. तेवीस वर्षांच्या पोरीने घातलेले टाके, इतके बारीक की आज तिला ते चष्म्यातूनही नीट दिसत नव्हते. बोटांनीच ते शोधून काढले. चकती सुटली. खालचे नमद्याचे तीन थर हजारो फेऱ्यांनी चेपून एक झाले होते, पापडासारखे पातळ आणि कडक, मधे टाळूच्या आकाराचा खळगा. तो नमदा तिने नव्या टोपीत बाणांवर ठेवला, चार ठिकाणी टाके घातले आणि दोरा दातांनी तोडला.

"लोगो आत गेला की," साहेब म्हणाले.

"डोक्याला लागून आहे," ताई म्हणाली. "याहून जवळ कुठे लावणार?"

डिझायनर पोरगी मधे आली. तिने सांगितलं, "सर, करारात नवी टोपी लिहिलंय. ही नवीच आहे. कुठली बाजू ते लिहिलेलं नाही."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले, आणि तेवढ्यात बीट सुरू झालं.

भोवऱ्याने चौकात जाऊन इकडेतिकडे पाहिलं. मग बोट दाखवलं. "ताई, तू तिथे. खांबापाशी. पुढे ये अजून." ती कॅमेऱ्यांच्या रांगेतून वाट काढत पुढे आली. एक कॅमेरेवाला करवादला, "मावशी, मधे येताय!" तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तो वाकला. डोकं धरणीला, पाय आभाळाला. हाताने एक ढकल, दुसरी, आणि हात सुटले. एक. दोन. भाचीचे ओठ हलत होते. तिसऱ्या फेरीला वेग आला, चौथ्याला पाय फिकट झाले, पाचव्याला त्याचा धूर झाला. फोटोत होता तसाच धूर, फक्त आता त्याला आवाज होता, छत्रीच्या कापडाचा फरशीवर सळसळणारा, पावसासारखा. सहा. सात. ताईला वाटलं, बास, थांब. आठ. तो नवव्या फेरीत मंदावला, पाय गोळा केले आणि बरोबर तिच्या पायांसमोर बसता झाला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. कॅमेरेवाले ओरडत होते, "टोपी काढा! टोपी दाखवा!" त्याने टोपी काढली, आणि चौकात आधी शांतता आणि मग हशा पसरला. नमद्याने हाड वाचवलं होतं, पण बाण काही अडले नव्हते. भोवऱ्याच्या चकचकीत टकलावर मधोमध, लालभडक, कंपनीची खूण उठली होती.

ती उतरायला चार दिवस लागले. सोमवारी तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत असताना वरून एका आजींनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे दाबलं की वर येतं का हो?"

हे तो ताईला दुकानात सांगत होता आणि हसताना मान धरत होता. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आता तरी सांग. फिरताना काय दिसतं?"

"बूट," तो म्हणाला. "सगळ्यांचे बूट, गोल गोल. एकात एक मिसळलेले. मॉलमधे तर सगळे पांढरे, काही कळायला मार्ग नाही. म्हणून तुला उभी करतो. तुझ्या चपला आल्या की एक फेरी झाली."

"म्हणजे तू माझ्या चपला मोजतोस?"

"पहिल्या दिवसापासून. तू बोळात यायचीस ना, छत्रीची फडकी हातात घेऊन."

ताईने आपल्या पायांकडे पाहिलं. साध्या तपकिरी चपला, एकीचा पट्टा दोनदा शिवलेला. कुणी त्यांच्याकडे बघत असेल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं. दोरी नाही तुला, असं पोरं ओरडायची, ते तिला आठवलं. तिने उठून शिलाई मशीनला तेल घातलं.

टकलाचा तो फोटो मात्र सगळीकडे गेला. महिनाभरात पोरंपोरी टोप्या उलट्या घालू लागली, शिवण बाहेर, काळं अस्तर वर. मग कंपनीनेच तशा टोप्या काढल्या. डिझायनर पोरीने एक खोकं दुकानात पाठवलं, आत चिठ्ठी होती: यात तीन थर घालायला लावलेत, चार नाहीत.

एका संध्याकाळी ताई बसची वाट बघत उभी होती. शेजारच्या मुलीच्या डोक्यावर तीच टोपी. एकवीस इंच, मागून जरा चपटं.

"उलटी का गं घातलीस?" ताईने विचारलं.

मुलीने कानातला इअरफोन काढला. "अशीच घालतात, मावशी."

"ते झालं. पण का?"

मुलीचा हात वर गेला, माथ्यावरच्या गुळगुळीत कापडावरून तिने बोटं फिरवली, जणू ते आज पहिल्यांदाच हाताला लागलं. मग तिने ताईकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, चपलांपासून चष्म्यापर्यंत.

"तुम्हाला माहीत आहे?"

"बस किती वेळात येईल?"

"दहा मिनिटं तरी."

"होईल तेवढ्यात," ताई म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली.